हेळव्याची हजेरी

"आम्ही काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला," हे वाक्य मी सांगलीतल्या माझ्या दुकानात इतक्या वेळा ऐकलंय की पुढे पुढे ते कानावर पडलं की मशीन उघडायच्या आधी मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायला लागलो. उंब्रजच्या एका व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर दर दोन महिन्यांनी बंद पडायचा. शेवटी वैतागून स्वतः गेलो. तर शेठजी रोज सकाळी मशीनची पूजा करून पुढच्या जाळीत दोन उदबत्त्या खोचत होते आणि आतला पंखा धूर-राख इमानेइतबारे आत ओढत होता. मदरबोर्डवर हा एवढा थर! "उदबत्ती बंद करा," म्हणालो, तर म्हणतात, "आणि मग बंद पडला म्हणजे?" आता अशा माणसापुढे डोकं आपटायचं की काय? उदबत्तीचं घर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं आणि परतीची एसटी पकडली.

असले किस्से मी चहाच्या टपरीवर मीठमसाला लावून सांगतो. आजचा मात्र कधी सांगितला नाही. बाळाबाईंना विचारून मगच लिहायला बसलोय.

मी मूळचा साताऱ्याचा. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळलो आणि सांगलीत दुकान टाकलं. ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. दोन हजार साल उजाडलं की जगातली सगळी मशीनं बंद पडणार, अशी हूल उठली होती आणि त्या हुलीवर माझं बरं चाललं होतं. लॅपटॉप मात्र महिन्यातून एखादा दिसायचा. तो आला की शेजारचा झेरॉक्सवाला बापू आपलं गिऱ्हाईक सोडून बघायला यायचा.

उन्हाळ्याची दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पन्नाशीची एक बाई दुकानात आली. कवठे महांकाळच्या बाजूची, हे तिच्या लुगड्यावरून आणि कपाळावरच्या भंडाऱ्यावरून कळत होतं. मांडीवर मूल घ्यावं तसं तिनं एक घोंगड्याचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि उलगडलं. आत लॅपटॉप होता. त्याच्या झाकणालाही भंडारा फासलेला. तिच्याबरोबर आलेला म्हातारा आत आला नाही. पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला.

"सायेब, ह्यात माजा ल्योक हाय," बाई म्हणाली.

"फोटो आहेत का मावशी?"

"फोटू न्हाई. त्यो सोता."

माझ्या अंगावर काटा आला म्हणालो तर तुम्ही हसाल. पण आला.

बाईचं नाव बाळाबाई. घर मेंढपाळाचं, आता थोडी शेतीही होती. पोरगा बिरू डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला लागला आणि त्यानं आपल्या साहेबाचा जुना लॅपटॉप घेतला. दीड वर्षापूर्वी सुट्टीवर घरी आला होता. मेंढरं विकायचा विषय निघाला आणि बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. बाप म्हणाला, "आजपासनं तू मला मेलास." पोरानं लॅपटॉप तिथंच ठेवला, आईला म्हणाला, "आठ दिसांत येतो," आणि मिरजेच्या गाडीत बसला. तो पुण्याला पोचला नाही. कुठंच पोचला नाही. पोलिसात तक्रार झाली, पेपरात फोटो आला, देवऋषी झाले. काही नाही.

हे सगळं ती खालच्या आवाजात सांगत होती. पायरीवरची पाठ हलली नाही.

"आनी आता धा दिसांवर हेळवी येनार हाय," ती म्हणाली.

हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारा माणूस. आपल्या दक्षिण भागात आणि कर्नाटकात ही मंडळी पिढ्यान्पिढ्या बैल घेऊन गावोगाव फिरतात, ठरलेल्या घरांची नावं लिहून ठेवतात आणि वाचून दाखवतात. एवढं मला माहीत होतं. पण बाळाबाईंच्या वस्तीची एक वेगळीच रीत होती. तिथं हेळवी दर तीन वर्षांनी यायचा. मूळ पुरुषापासून एकेक नाव घ्यायचा. ज्याचं नाव घेतलं तो जिवंत असेल तर त्यानं स्वतः मोठ्यानं "हाय" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर हेळवी त्या नावापुढं रेघ ओढायचा.

"रेघ वडली की संपलं," बाळाबाई म्हणाल्या. "मग त्याचं दिवसपानी करायचं. आनी दुसऱ्यानं म्हनून चालत न्हाई. ज्याचं नाव त्येचाच आवाज लागतो."

तीन वर्षांपूर्वी हेळवी आला तेव्हा बिरूनं हौसेनं ती सगळी हजेरी लॅपटॉपमध्ये भरून ठेवली होती. त्यात त्याचा स्वतःचा 'हाय' होता. बाळाबाईंनी हेळव्याला निरोप धाडून विचारलं होतं, मशीनमधला आवाज चालेल का? तो म्हणाला, आवाज त्याचाच असला तर लिहीन. पण आता लॅपटॉप नीट चालू होईना आणि आतून कोणीतरी टिचक्या मारल्यासारखा आवाज यायचा.

"उठ गं," पायरीवरून म्हातारा बोलला. घोगरा, बसका आवाज. "गेलेला गेला. यंत्राला काय इचारतीस?"

"तुमी गप ऱ्हावा," बाळाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या प्रयत्नाला लॅपटॉप चालू झाला. टक्… टक्… खर्र… टक्. हार्ड डिस्कचा हा आवाज ज्यानं एकदा ऐकला तो विसरत नाही. डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या गरगर फिरत असतात आणि एक बारीक दांडी त्यांना न टेकता वरून वाचत जाते. डिस्क म्हातारी झाली की दांडीला जागा सापडत नाही. ती शोधते, टोकाला जाऊन आपटते, परत येते, पुन्हा शोधते. असा आवाज यायला लागला की डिस्क चार तास जगेल नाहीतर चार दिवस, कोणी सांगू शकत नाही.

बिरूनं एकेक मिनिटाच्या फायली करून ठेवल्या होत्या, कारण विंडोजमधलं ते रेकॉर्डिंग एका दमात मिनिटापुढं जायचं नाही. बाळाबाईंनी बोटानं दाखवलेली फाईल मी उघडली.

"यल्लाप्पाचा सिदा," हेळवी म्हणाला. शांतता. लांब कुठंतरी मेंढरू ओरडलं.

"सिदाचा म्हाळू." शांतता.

"सिदाचा धुळा."

"हाय!" घोगरा आवाज. पायरीवरच्या म्हाताऱ्याची मान एकदम ताठ झाली.

"धुळाचा बिरू."

"हाय!"

अगदी कानाशी. बिरू लॅपटॉपला खेटून बसला असणार. तरणा, खणखणीत आवाज, शेवटी थोडं हसू. लगेच हेळवी म्हणाला, "बिरूचा कोन? अजून लगीन न्हाई गड्या!" आणि सगळे खो खो हसले. भर दुपारी, त्या तापलेल्या दुकानात, तीन वर्षांपूर्वीची माणसं हसत होती. बाळाबाई लॅपटॉपकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत असावं, आता तो तिकडूनच येईल.

"ठेवून जा मावशी," मी म्हणालो. "आठ दिवसांत नवी डिस्क घालून देतो. आहे तसाच्या तसा."

इथं माझी चूक सुरू होते.

माझ्या पुण्याच्या मित्रानं नुकताच मला एक प्रोग्रॅम दिला होता. एका फ्लॉपीवर मावणारा. त्यानं आख्ख्या डिस्कची दुसरी डिस्क करता यायची. फायली उचलून इकडून तिकडे टाकणं वेगळं. हे म्हणजे पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत जे असेल ते सगळं उतरवून काढायचं. पुसून टाकलेली पत्रंसुद्धा पुसलेल्या अवस्थेत तिकडं जातात. आपण नवीन आहोत हे नव्या डिस्कला कळतसुद्धा नाही. अशा डिस्कला 'क्लोन' म्हणतात. लॅपटॉपच्या डिस्कचा क्लोन मी तोवर कधी केला नव्हता आणि तो करायला माझे हात शिवशिवत होते. नवी डिस्क आणि जोडणीची पिन पुण्याहून यायला पाच-सहा दिवस लागणार होते.

तेवढ्या दिवसांत मी काय करायला हवं होतं? ती एक मिनिटाची फाईल एका फ्लॉपीवर उतरवून घ्यायची. फ्लॉपीत आरामात मावली असती. पाच मिनिटांचं काम. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पुढे हेच घोकून घेतलं, की मरणाऱ्या डिस्कवरून गिऱ्हाइकाला जे हवं ते आधी उचला, बाकीचं मग. पण तेव्हा माझ्या डोक्यात क्लोनचं खूळ. फ्लॉपीवर एकच फाईल काढून घेणं म्हणजे मला किरकोळ काम वाटलं.

बरं, काढली नाही ती नाही, निदान डिस्क तशीच पडू द्यायची. मी तेही केलं नाही. बापूला ऐकवली. स्टेशनरीवाल्याला ऐकवली. "ऐक ऐक, आता बघ हां, हाय म्हणतोय बघ." चार वेळा तरी वाजवली. लिहिताना लाज वाटते. दर वेळी डिस्क जास्त वेळ टकटकायची. चौथ्या वेळी बापू म्हणाला, "बास कर रे. तो बिचारा दमलाय." मी हसलो.

डिस्क आली त्या दिवशी सकाळीच जुनी आणि नवी दोन्ही माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडल्या. कुठून कुठे उतरवायचं ते तीनदा तपासलं. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि भरलेली कोरी होते. काम सुरू झालं. पडद्यावर आकडा चढत होता. निम्म्यापर्यंत सगळं सुरळीत. मग टक्. टक्. खर्र. आकडा थांबला. पडद्यावर प्रश्न आला, हा कप्पा वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू की सोडून देऊ?

पुन्हा. टक् टक् खर्र. पुन्हा. एकेका कप्प्याला मिनिट मिनिट जायला लागलं. पुढचाही वाचेना, त्याच्या पुढचाही. डिस्क हाताला चटका बसेल इतकी तापली. मला भीती वाटली की इथंच तिनं मान टाकली तर पुढचं सगळंच जाईल. मी 'सगळे सोडून दे' हे बटण दाबलं. आकडा सुटला आणि अर्ध्या तासात पूर्ण झाला. सगळे मिळून दहा-अकरा कप्पे सुटले होते. लाखो कप्प्यांतले दहा-अकरा. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली. एकदम सुरू झाला, टकटक नाही, काही नाही. पडद्यावर बिरूनं ठेवलेला बिरोबाच्या देवळाचा फोटो. मी ती फाईल लावली.

"सिदाचा धुळा." "हाय!"

"धुळाचा बिरू."

टक्.

आणि मग लगेच, "बिरूचा कोन? अजून लगीन न्हाई गड्या!" आणि खो खो हसणं.

पुन्हा लावली. तेच. अर्ध्या सेकंदाचा 'हाय'. दहा-अकरा कप्प्यांत बरोबर तेवढाच मावतो. एवढ्या मोठ्या डिस्कवर दुसरी जागा नव्हती का? मी जुनी डिस्क घाईघाईनं परत जोडली. ती फिरलीच नाही. थंड होऊ दिली, उलटी धरली, आडवी धरली, कानाला लावली. आत काहीच नव्हतं. त्या हसणाऱ्या माणसांवर मला इतका राग आला की मी लॅपटॉप खाडकन मिटला.

हेळवी यायच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघालो. तोंडावर खरं सांगायचं, माफी मागायची, असं ठरवून. वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कडुलिंबाखाली घोंगडी अंथरलेली, हेळव्याचा बैल बांधलेला. पुरुष ओळीनं बसलेले. आणि त्या ओळीत, बापाच्या शेजारी, एक पाट मांडलेला होता, त्यावर भंडारा. लॅपटॉपसाठी. बिरूच्या जागी.

"मावशी, एक सांगायचं होतं—"

"आदी च्या घ्या सायेब," बाळाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी चहाचा कप हातात घेतला. भित्रेपणाच तो. मी लॅपटॉप पाटावर ठेवला, फाईल बिरूच्या नावापाशी आणून थांबवली आणि पाटामागंच बसलो.

हेळव्यानं चोपडी उघडली. नावं सुरू झाली. मेलेल्यांच्या नावानंतर तो दोन श्वास थांबायचा आणि त्या वेळात कोणी हलायचंसुद्धा नाही. वारा होता तोही पडला. मधेच एक नाव घेतलं, उत्तर आलं नाही, हेळव्यानं बोरूसारखा पेन टेकवून रेघ ओढली. कागदावरची ती खर्र मला मागं बसून ऐकू आली.

"सिदाचा धुळा."

"हाय," म्हातारा म्हणाला आणि खोकला.

"धुळाचा बिरू."

मी बटण दाबलं. लॅपटॉपमधून हेळव्याचाच आवाज आला, "धुळाचा बिरू." समोरचा हेळवी दचकला. टक्. मी चटकन दुसरं बटण दाबून थांबवलं, पुढचं हसणं नको म्हणून.

शांतता. एक श्वास. दुसरा. हेळव्यानं पेन खाली नेला. बाळाबाई लॅपटॉपकडे टक लावून बघत होत्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी बसूनच राहिलो.

"हाय!"

तरणा. खणखणीत. अगदी पाटापाशी.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. हेळव्यानं मान हलवली आणि लिहिलं. बाळाबाईंनी पुढं होऊन लॅपटॉपच्या झाकणाला कपाळ टेकवलं. मी पडद्याकडे बघितलं. फाईल थांबलेलीच होती, मीच थांबवली होती. मी हळूच मान वळवली. पाटाशेजारी धुळा आबा खाली मान घालून बसले होते, घोंगड्याचं टोक तोंडावर दाबलेलं, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या.

एसटीपर्यंत सोडायला तेच आले. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "तिला काय बोलू नगासा."

"नाही बोलणार आबा."

"मेलास म्हनलो व्हतो मी त्येला. ह्याच तोंडानं." बोलताना त्यांचा आवाज नेहमीचा होता, बसका. त्या बसक्या गळ्यातून तो तसला 'हाय' कसा निघाला, हे मला आजही उलगडलेलं नाही.

तीन वर्षांनी बाळाबाईंचा दुकानात फोन आला. हेळवी येतोय, बटण दाबायला या. आबा त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते. बिरूचा पत्ता नव्हताच. मी गेलो. लॅपटॉप पाटावर तयार होता, पुसून, भंडारा लावून. मी बटण दाबून बघितलं. साधा दिवासुद्धा लागला नाही. कधीचाच मेला होता. मी कोणाला काही बोललो नाही. मनाशी ठरवलं, या खेपेला आपण म्हणायचं. गेल्या वेळी तोंड उघडलं नाही, आता उघडायचं.

"सिदाचा धुळा."

दोन श्वास. रेघ. खर्र.

"धुळाचा बिरू."

मी छातीत हवा भरून घेतली. आणि माझ्या आधी, मागच्या बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "हाय!"

बाळाबाई उभ्या होत्या. त्या ओळीत बाईनं कधी उत्तर दिलं नव्हतं.

हेळव्याचा पेन तसाच राहिला. "बाई, ज्याचं नाव त्येनंच—"

"गेल्या टायमाला बाप म्हनला तवा लिवलंसा की," त्या म्हणाल्या. "आता आई म्हनती. लिवा."

हेळव्यानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. पिढ्यान्पिढ्या आवाज ओळखायचा धंदा त्याचा. त्यालाही गेल्या खेपेलाच कळलं असणार. त्यानं खाली बघितलं आणि लिहिलं.

सगळं उरकल्यावर मी लॅपटॉप गुंडाळायला लागलो. माझ्यानं राहवलं नाही. "मावशी, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

त्यांनी माझ्या हातातून घोंगडं घेतलं आणि नीट घडी घालायला लागल्या.

"बिरूचा 'हाय' मला पाठ हाय सायेब," त्या म्हणाल्या. "मला त्यो ह्येंच्या तोंडून ऐकायचा व्हता."